पंचेचाळीस मिनिटांची बाजू

मित्रांनो, त्या सकाळी जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर पुढील वस्तू होत्या. स्क्रू चौदा, तेरा एका मापाचे, एक लांब. स्प्रिंगा पाच. प्लॅस्टिकची बटणे सहा, त्यांतल्या एकाचा लाल रंग उडालेला. दातेरी चाके तीन. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी मोटर एक. वितळून डांबरासारखा झालेला रबरी पट्टा एक, म्हणजे त्याचे जे उरले होते ते. झुरळाच्या अंड्यांचे रिकामे कवच एक. मुंग्या सात, सहा जिवंत.

मुंग्या आणि कवच सोडले तर बाकीचे सगळे मिळून मी होतो. मी एक जुना कॅसेट डेक आहे.

"मुंग्या आधी," पलंगावर बसलेल्या प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "पुंजणीने उचल त्यांना. मग काय खोलायचं ते खोल."

पुंजणी म्हणजे मऊ लोकरीची छोटी झाडणी. जैन घरांत ती लहान जीवांना न दुखवता बाजूला करण्यासाठी असते.

"सहाच आहेत, भुआ," विधी म्हणाली. "सातवी गेलेली आहे."

"दिसल्या तेवढ्या सहा. आत बघ."

विधीने टॉर्च लावला. माझ्या सांगाड्याच्या आत आणखी दोन होत्या.

विधी ही प्रेमकुंवरबाईंच्या धाकट्या भावाची मुलगी. ती धुळ्याची. भौतिकशास्त्रात पदवी घेऊन पुढे शिकायला जून महिन्यात जळगावला आली आणि पिंप्राळ्यात भुआकडे, म्हणजे आत्याकडे राहू लागली. प्रेमकुंवरबाईंना मूल नाही. त्यांचे वय एकाहत्तर आहे. घरात दोघी मारवाडी बोलतात. मी तुम्हाला ते मराठीत सांगतो आहे.

आता माझ्याविषयी.

मला दिल्लीच्या एका गल्लीत जुळवले गेले. सांगाडा एकीकडून आला, मोटर दुसरीकडून. दर्शनी पट्टीवरचे नाव जपानी वाटावे म्हणून कोणीतरी बसून शोधलेले होते. मी स्वस्त होतो. महागड्या डेकवर आवाजाबरोबर हलणारे दोन काटे असतात. माझ्यावर ते काटे नुसते छापलेले आहेत. आवाज कितीही वाढवला तरी ते जिथल्या तिथे असतात.

१९८९ मध्ये धुळ्याच्या आग्रा रोडवरून घेवरचंदशेठ मला घेऊन गेले. धरणगावात त्यांचे सरकी-ढेपेचे दुकान होते. मला गल्ल्यामागच्या फळीवर ठेवले. ढेपेची पोती न्यायला आलेले शेतकरी माझ्यासमोर थोडा वेळ थांबत. एकजण रोज विचारायचा, "शेठ, यानं काटं हालत कसं नहीं?" शेठ म्हणायचे, "तो विचार करतोय." लोक हसत. गल्लीत लग्न असले की मला मागून नेत आणि हळदीचे बोट लावून परत करत. मागच्या बाजूला अजून एक पिवळा डाग आहे.

पुढे गाणी दुसऱ्या यंत्रांत गेली. मला कापडी पिशवीत घालून कपाटावर ठेवले. तिथे मी नऊ वर्षे होतो. त्या नऊ वर्षांत काय झाले हे मला माहीत नाही. मी बंद होतो.

२००९ मध्ये शेठनी मला खाली उतरवले. प्रेमकुंवरबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, काचबिंदू झाला होता. आधी कडेचे दिसेनासे झाले, मग समोरचेही. त्यांना उजेड आणि सावली एवढेच कळू लागले. त्या रोज सामायिक करत. सामायिक म्हणजे सगळी कामे आणि राग-लोभ बाजूला ठेवून एका आसनावर स्थिर बसणे. ती अठ्ठेचाळीस मिनिटांची असते. जास्त चालते. कमी चालत नाही. वेळेसाठी घरात वाळूची घडी होती. ती आता त्यांना दिसत नव्हती.

शेठनी ठरवले की आपला आवाज कॅसेटवर भरायचा. नवकार, मग चोवीस तीर्थंकरांची नावे, मग त्यांच्या आईकडून ऐकलेली स्तवने. कॅसेट संपली की माझे बटण आपोआप वर उडते आणि 'खट्' असा आवाज होतो. सामायिकेत विजेच्या वस्तूला हात लावायचा नसतो. बटण दुसऱ्या कोणी आधीच दाबून ठेवायचे. थांबवायला कोणी लागत नाही. म्हणून मी निवडला गेलो.

अडचण एकच होती. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते.

शेठ मला तोतारामकडे घेऊन गेले. तोताराम धरणगावातला रेडिओ दुरुस्त करणारा.

"एकशेवीसची कॅसेट घ्या ना, शेठ," तो म्हणाला.

"तिची फीत पातळ. गुंतते. आणि साठ मिनिटांनी थांबते. मला अठ्ठेचाळीस पाहिजेत."

"मंग मी काय करू?"

"याला हळू चालव."

"शेठ, तुमनं डोकं ठिकाने शे ना? लोक डेक हळू चालस म्हणीसन मनाकडे आणतस. तुम्ही चांगला डेक हळू कराले आणा!"

माझ्या मोटरच्या पाठीवर एक बारीक छिद्र आहे. त्यात पातळ पेचकस घालून आतला स्क्रू फिरवला की वेग बदलतो. तोताराम स्क्रू फिरवायचा आणि शेठ मनगटी घड्याळ घेऊन अख्खी बाजू संपेपर्यंत बसायचे. तीन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी बाजू संपायला अठ्ठेचाळीस मिनिटे आणि वर पाऊण मिनिट लागले. ते वरचे पाऊण मिनिट सामायिकेचा नियम उच्चारण्यासाठी होते. तोतारामने छिद्रावर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला, म्हणजे स्क्रू हलायला नको. मग त्याच हळू वेगावर शेठनी घरी बसून आवाज भरला. भरतानाही हळू आणि वाजवतानाही हळू, म्हणून आवाज त्यांच्या आवाजासारखाच येई. शेवटची अडीच मिनिटे त्यांच्याकडे म्हणायला काही उरले नव्हते. फितीत तिथे फक्त त्यांचा श्वास आहे, आणि एकदा कुकरची शिट्टी.

वेगाचे हे काम त्यांनी घरी सांगितले नाही. विचारणारे कोणी नव्हते.

आठ वर्षांपूर्वी शेठ वारले. दुकान विकले गेले. प्रेमकुंवरबाई पिंप्राळ्यात राहायला आल्या, कारण तिथून स्थानक जवळ आहे. स्थानक म्हणजे त्यांच्या पंथाचे लोक जिथे धर्मासाठी जमतात ती जागा. तिथे त्यांनी महासतीजींसमोर, म्हणजे साध्वींसमोर, नियम घेतला की रोज एक सामायिक होईल, खंड पडणार नाही. तेव्हापासून सकाळी साडेसातला घरकाम करणाऱ्या बेबाबाई माझे बटण दाबतात, आणि बाई हात जोडून नियम घेतात. मी चालतो, मी थांबतो.

या वर्षी आषाढात माझा पट्टा वितळला. फीत फिरेना. पाच दिवस बेबाबाई बाईंना सामायिकेसाठी हाताला धरून स्थानकात नेत होत्या.

"भुआ, मोबाईलवर घंटा लावून देते," विधी म्हणाली होती. "सेकंदाची चूक होणार नाही."

"घंटा मला उठवील," बाई म्हणाल्या. "मला बसवणारं पाहिजे."

म्हणून विधीने मला उघडले. ती व्यवस्थित काम करते. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला याचे चित्र तिने वहीत काढले. वितळलेला पट्टा मोजता येत नव्हता, म्हणून चाकांभोवती दोरा गुंडाळून तिने लांबी काढली. गोलाणी मार्केटमध्ये ती अकरा दुकानांत गेली. बाराव्यात त्या मापाचा पट्टा मिळाला. कापूस आणि स्पिरिटने तिने माझे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, पुसले. कापसावर तपकिरी रंग आला. सहाव्या बोळ्यावर आला नाही.

मोटर पुसताना तिला तो लाल थेंब दिसला.

"हे काय लागलंय?" ती स्वतःशी म्हणाली आणि नखाने तो खरवडला. थेंब दोन तुकड्यांत निघाला. तिने तुकडे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर ठेवले. नंतर वर्तमानपत्राबरोबर तेही गेले.

मला बोलता येत नाही. मी फक्त भरलेले वाजवतो.

मग तिने माझा वेग मोजला. तिची पद्धत सोपी आहे, मित्रांनो, तुम्हीही करू शकाल. कॅसेटची फीत सेकंदाला चार पूर्णांक शहात्तर शतांश सेंटिमीटर पळावी, असा जगभर नियम आहे. विधीने एका टाकाऊ कॅसेटची फीत बाहेर ओढली, शिवणाच्या टेपने चार मीटर शहात्तर सेंटिमीटर मोजले आणि दोन्ही टोकांना पांढरे ठिपके दिले. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर शंभर सेकंद लागायला हवेत.

एकशेसात लागले.

तिने पुन्हा मोजले. एकशेसात. तिसऱ्यांदा एकशेसात. तिने वहीत लिहिले: 'वेळ सात टक्के जास्त.' मग पातळ पेचकस घेतला आणि छिद्रात घातला. दुपारपर्यंत ठिपक्यांमधले अंतर शंभर सेकंदांत पार होऊ लागले. तिने खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी साडेसातला बेबाबाईंनी बटण दाबले. शेठचा आवाज आला. तो थोडा बारीक होता आणि थोडा पुढे पळत होता. प्रेमकुंवरबाईंच्या हातातली माळ दोन मणी थांबली आणि मग निघाली.

सामायिक झाल्यावर त्या म्हणाल्या, "आज हे घाईत होते."

विधी हसली. "आजच बरोबर आहे, भुआ. आधी तुझा डेक मंद होता. फुफाजींचा खरा आवाज हा."

"असं का?" बाई म्हणाल्या. मग माळ बाजूला ठेवत म्हणाल्या, "तू शिकलेली. असेल."

अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी बाईंची सामायिक संपल्यावर बेबाबाई मोरीच्या दारात उभ्या राहिल्या. हाताला राख होती.

"बाई, एक सांगू का? रागावू नका."

"बोला."

"तुमचा हा डबा चालू केला की मी भांड्याले बसते. फरशी पुसते. मंग भांडे पुसून फळीवर ठेवते. तवर हा खट् करते आन मी शिंदेबाईकडे जाते. इतक्या वर्साचा हिशेब आहे माझा. आता दहा-अकरा दिवस झाले, रोज माझी कढई आन दोन पातेले राहून जातात. मी म्हातारी झाली का हा लवकर थांबते?"

"तुम्ही हळू झाला असाल," विधी म्हणाली.

"मी? अव माय, मी हळू झाली असती तर शिंदेबाईनं मले कवाच काढलं असतं!"

विधी हसत होती. मग तिचे हसणे थांबले. तिने मोबाईल काढला, फीत सुरुवातीला आणली आणि माझे बटण दाबले. ती जमिनीवर बसून राहिली. प्रेमकुंवरबाई पलंगावर बसून राहिल्या. बेबाबाई शिंदेबाईंकडे गेल्या नाहीत. शेठ बारीक आवाजात म्हणत गेले. त्यांचा श्वास आला, कुकरची शिट्टी आली, खट् झाले.

"किती?" बाईंनी विचारले.

"पंचेचाळीस मिनिटं, चाळीस सेकंद."

"त्यातून नियम घ्यायचा वेळ काढ."

"पंचेचाळीस मिनिटं. तीन मिनिटं कमी."

"रोज?"

"रोज."

बाईंनी बोटांच्या पेरांवर मोजले. त्यांना मोजायची गरज नव्हती. "अकरा मोडल्या," त्या म्हणाल्या.

"भुआ, चूक माझी आहे. दोष मला लागू दे."

"तो वाटून घेता येत नाही, बेटा."

त्या रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्यांनी चहा घेतला नाही, एवढेच. आठ वर्षे खंड पडला नाही, असे त्यांनी आदल्याच रविवारी महासतीजींना सांगितले होते. विधीने वही उघडली आणि दोन रेघांकडे पाहत बसली. मग वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला: पंचेचाळीस मिनिटे चाळीस सेकंद, गुणिले एक पूर्णांक सात शतांश. उत्तर अठ्ठेचाळीस मिनिटे बावन्न सेकंद आले.

तिने अठ्ठेचाळीसखाली रेघ ओढली.

"हा मंद नव्हता," ती म्हणाली. "हा कोणीतरी मंद केला होता."

माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळी चिठ्ठी चिकटलेली आहे: 'तोताराम रेडिओ, धरणगाव.' झाकण दोनदा हातात धरूनही विधीने ती वाचली नव्हती. आता वाचली.

दुसऱ्या दिवशी ती मला मांडीवर घेऊन बसने धरणगावला गेली. तोतारामचे दुकान तिथेच होते, पण आता तो मोबाईलचे चार्जर आणि मिक्सर दुरुस्त करत होता. केस पांढरे झाले होते. त्याने मला उलटे केले, झाकण काढले आणि पहिल्यांदा मोटर पाहिली.

"मना लाल थेंब कुठे शे?"

"मळ वाटला. मी खरवडला."

"मळ!" तोतारामने चष्मा वर केला. "पोरी, ती मन्या बायकोनी नेलपॉलिश व्हती. भावाच्या लग्नासाठी आणेल. मी बाटली उघडी ठेवली, सगळी वाळी गई. दोन दिवस जेवण ताटात आपटत होती ती. आन तू म्हणते मळ!"

"आबा, वेग कमी का केला होता?"

त्याने तीन दिवसांची गोष्ट सांगितली. घड्याळाची, पाऊण मिनिटाची, एकशेवीसच्या पातळ फितीची.

"शेठले मी म्हटलं, घरी सांगा, नाहीतर कोणी दुरुस्त करी टाकी," तोताराम म्हणाला. "शेठ म्हणे, कोण उघडणार आहे याले?"

"मी उघडलं."

"हां. तू शिकेल शे."

तो पेचकस हातात घेऊन छिद्राकडे झुकला, पण टोक छिद्रात बसेना. दोनदा घसरले. त्याने पेचकस विधीकडे दिला. "तूच कर. मी शेठच्या घड्याळानं लावेल होतं. तू कशानं लावशील?"

विधीने पिशवीतून ठिपक्यांची कॅसेट काढली. तोतारामला ती आवडली. त्याने ठिपके बोटाने चाचपले आणि म्हणाला, "एवढी अक्कल शे, आन एक थेंब ओळखता आला नही." मग दोघे बसले. ती फिरवायची आणि तो सेकंद मोठ्याने मोजायचा. एकशेतीन. एकशेनऊ. एकशेसहा. गिऱ्हाईक मिक्सर घेऊन येत आणि बाकावर बसून ऐकत. चार वाजता एकशेसात आले. पुन्हा एकशेसात. तोतारामने शेजारच्या कटलरीच्या दुकानातून नेलपॉलिशची बाटली मागून आणली. लाल नव्हती, गुलाबी होती. थेंब विधीने सोडला. वाळेपर्यंत तिने बाटलीचे झाकण घट्ट लावून ठेवले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्या उघडा, पुसा, चालू करा. पण त्यांच्यात काही चुकलेले दिसले, तर नीट करण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की हे कोणी आणि कोणासाठी केले आहे. वस्तूच्या आत कुठे नाव-गाव लिहिलेले असेल तर ते वाचा. वाचायला फार वेळ लागत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पिंप्राळ्याला परत आलो. बाई त्या दिवशीची सामायिक स्थानकात करून आल्या होत्या. महासतीजींनी प्रायश्चित्त म्हणून अकरा सामायिका पुन्हा करायला सांगितल्या होत्या, रोजच्या एकीशिवाय. बाई म्हणाल्या, "उद्यापासून दोन-दोन. पण आधी मला खात्री पाहिजे. मोजून."

"मी मोजते," विधी म्हणाली.

"तू माझ्याजवळ बस. तूही कर एक."

"मग मोबाईल कोण धरणार? सामायिकेत मला हात लावता येणार नाही."

दोघींची तोंडे बेबाबाईंकडे वळली.

"मले काय समजतं यातलं?" बेबाबाई म्हणाल्या. "माझ्या हातून तुमचं काही भलतंच दाबलं गेलं तर?"

"दोनच वेळा दाबायचं," विधीने सांगितले. "आमचा नियम म्हणून झाला, भुआचे जोडलेले हात खाली आले, की एकदा. खट् झालं की दुसऱ्यांदा."

"आन भांडे?"

"भांडी उद्या मी घासते. नंतर."

"मंग ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी साडेसातला दोन आसने पसरली गेली. बेबाबाईंनी हात पदराला पुसून माझे बटण दाबले. शेठचा आवाज आला. तो खाली उतरला होता आणि सावकाश झाला होता. प्रेमकुंवरबाईंनी नियम म्हटला, विधीने त्यांच्यामागून म्हटला. जोडलेले हात खाली आले. बेबाबाईंनी मोबाईलवर अंगठा टेकवला.

मी चाललो. माळेचा मणी शेठच्या प्रत्येक नावाशी सरकत होता. नाव संपायच्या आत एकदाही सरकला नाही. विधीने दोनदा डोळे उघडून मोबाईलकडे पाहिले आणि पुन्हा मिटले. बेबाबाई सगळा वेळ उभ्या होत्या. शेवटी शेठचे शब्द संपले. श्वास उरला. कुकरची एक शिट्टी झाली. पुन्हा श्वास.

खट्.

बेबाबाईंनी अंगठा दाबला. दोघींनी सामायिक पारली, म्हणजे विधिपूर्वक पूर्ण केली. तोपर्यंत त्या मोबाईल दोन्ही हातांत, छातीपासून दूर धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो डोळ्यांजवळ आणला आणि एकेक आकडा वाचला.

अठ्ठेचाळीस मिनिटे, अकरा सेकंद.